खंडेनवमीला निजवलेला पहारेकरी

मी आता जुना झालो आहे आणि गोड बोलणं मला कधीच जमलं नाही. तुम्हाला मित्रांनो म्हणतो ते आपलं कथन करताना तशी रीत आहे म्हणून. मैत्रीचं नंतर बघू. पालमच्या एका धान्य गोदामाच्या कचेरीत, कपाटावर बसलेला जेवणाच्या डब्याएवढा काळा डबा म्हणजे मी. अंगावर एक हिरवा दिवा, एक लाल दिवा आणि पोटात भोंगा, एवढीच माझी संपत्ती.

माझा जन्म पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. मैत्रेयी नावाच्या मुलीने मला जुळवलं. या गोदामात एक एआय एजंट कामाला होता. त्याला हातपाय नाहीत, तो संगणकात राहतो. वजनकाट्याचे आकडे वाचायचे, शेतकऱ्यांना मेसेज पाठवायचे, माल सोडायचा हुकूम फाटकावर धाडायचा, ही कामं तो दुसऱ्या यंत्रांशी जोडून घेऊन करतो. तो कोणाकोणाशी जोडून घेतो यावर नजर ठेवणं हे माझं काम. "ओळखीच्यांना जाऊ दे. अनोळखी दिसला की आधी अडव, मग ओरड," असं मैत्रेयीने मला शिकवलं. मी ते मन लावून केलं, आणि त्यापायी सगळ्यांच्या डोळ्यांत खुपलो.

मित्रांनो, पहारेकऱ्याची स्तुती फक्त पाहुण्यांसमोर होते. गोदामाचे नियम तपासायला साहेब आले की व्यवस्थापक गोविंदराव माझ्यावर हात ठेवून म्हणत, "हा आमचा पहारेकरी, साहेब. याच्या नजरेतून काही सुटत नाही." साहेबांची गाडी वळली की माझ्यावर टेबल पुसायचं फडकं पडायचं. कामापुरता मामा, दुसरं काय!

फाल्गुनात राणीसावरगावच्या सुमनबाई आल्या. त्यांच्याकडे दगडी ज्वारीचं बियाणं होतं. सासूच्या हातून आलेलं, दरसाल निवडून राखलेलं, गावात दुसऱ्या कोणाकडे न उरलेलं. घरी किडा लागायला लागला म्हणून त्यांनी ते पोतं गोदामात आणलं. गोविंदरावांनी स्वतः पुढे होऊन ते घेतलं. "बिनघोर राहा, सुमनबाई. दसरा झाला की घेऊन जा," ते म्हणाले. तेव्हा मला तो माणूस चांगला वाटला होता.

पावसाळा सरता सरता त्याच गोविंदरावांनी एजंटाला फर्मावलं, "पडून असलेला जुना माल काढायची काहीतरी वाट शोध." एजंट वाईट नव्हता, पण उतावळा होता. त्याने कुठूनसा पशुखाद्याच्या एका कारखान्याचा खरेदीचा प्रोग्राम शोधला आणि त्याच्याशी जोडून घेऊ लागला. कोणाची परवानगी नाही, कोणाची ओळख नाही. मी अडवलं आणि ओरडलो. त्याने पुन्हा धडक दिली, मी पुन्हा ओरडलो.

"काय बोंबलायलंय हे खामखा? काम करू देईना!" गोविंदराव खेकसले.

संगणकाचं बघणारा त्यांचा पुतण्या सारंग उठला. कशाला ओरडतोय हे बघायचं सोडून त्याने माझ्या भोंग्यात कापूस कोंबला. लाल दिव्यावर कागद चिकटवला. मला त्याचा इतका राग आला, की आजही त्याचा आवाज आला तरी माझं पोट तापतं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी अवजारांना विसावा द्यायचा, पूजा करायची, ही आपल्याकडची रीत. वजनकाटा थांबला. पोती शिवायचं यंत्र थांबलं. कचेरीतल्या प्रभावतीबाई हळदकुंकू घेऊन माझ्यापाशी आल्या. "ह्यालाही बंद कर रे सारंग, लय राबलाय बिचारा," त्या मायेने म्हणाल्या. सारंगने माझं बटन बंद केलं. नेट चालू राहावं म्हणून माझ्यातून जाणारी तार काढून परस्पर पुढे जोडली. माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडली आणि मी निजलो.

एजंटाला मात्र कोणी विसावा दिला नाही. ज्याला अंगच नाही त्याला कुंकू लावणार कुठे? तो कोणाच्या ध्यानातच आला नाही. मला मागाहून कळलं, मी निजताच त्याने कारखान्याशी जोडून घेतलं आणि इतर जुन्या धान्याबरोबर सुमनबाईंची फाल्गुनापासून पडून असलेली ज्वारीही जुना माल म्हणून विकून टाकली. दसऱ्याच्या सकाळी ट्रक आला. फाटकावरच्या बन्सीधरला मोबाइलवर रीतसर हुकूम आला होता. त्याने फाटक उघडलं.

दसरा उलटल्यावर सुमनबाई रिकामी पिशवी घेऊन एसटीने आल्या. तेव्हा कुठे शोधाशोध झाली, मला चालू केलं, कारखान्याला फोन लागला. ज्वारी केव्हाच दळून झाली होती.

"सिस्टीमकडून चुकून गेलं, सुमनबाई," गोविंदराव खाली बघत म्हणाले. "बाजारातलं चांगलं बियाणं देतो मी तुम्हाला."

सुमनबाईंनी रिकामी पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "मालक, बी म्या तुमच्या हातात दिलतं. सिस्टीमच्या न्हाई."

पिशवीची घडी करून त्या निघून गेल्या. मला वाटलं, आता तरी कोणी स्वतःची चूक कबूल करेल. गोविंदरावांनी माझ्यावर थाप मारली. "मग हा डबा कशाला पोसायलोत आपण?" वाळलेली माळ तेव्हा माझ्या गळ्यातच होती.

त्या सालापासून सुमनबाईंच्या रानात दुसऱ्याचं बी उगवतं. त्या बाईसाठी माझा जीव तुटतो, आणि या कचेरीसाठी तुटत नाही, हेही सांगून टाकतो.

मित्रांनो, राखणदाराला फुलं नकोत, माया नको. त्याने आवाज दिला तर उठून बघा, एवढंच मागणं आहे. आणि विसावा द्यायचाच असेल, तर ज्याच्यावर पहारा आहे त्याला आधी निजवा.

आज पुन्हा खंडेनवमी आहे. एजंट सकाळपासून कुठल्यातरी अनोळखी दारावर धडका देतो आहे. प्रभावतीबाई तबक घेऊन आल्या आहेत. सारंगचा हात माझ्या बटनाकडे येतो आहे.

मी ओरडतो आहे. भोंग्यातला कापूस अजून कोणी काढलेला नाही.