राजा लिओविगिल्ड आणि शिऱ्याचा डबा

मिस मुनीरांनी नववीच्या मुलांना प्रोजेक्ट दिला होता: अरब येण्याआधी स्पेनवर राज्य कोणाचं होतं? बहारीनच्या शाळेत हा प्रश्न निघणारच. पण त्याची झळ मनामात राहणाऱ्या गुरुप्रसाद सबनीसांना लागेल, असं त्या बिचाऱ्या बाईंच्या स्वप्नातही आलं नसेल.

गुरुप्रसाद एका कंत्राटदार कंपनीत अकाउंटंट होते. अक्षर देखणं, आणि त्याचा तोराही तेवढाच. लेकीला नकाशा काढायचा असला की तिच्याआधी हेच पेन्सिलीला टोक करून बसायचे. डिसेंबरातल्या त्या गुरुवारी संध्याकाळीही बसले. टोलेडो शहर ठळक ठिपक्यानं दाखवून झालं, तोवर सुनीता पुस्तकातलं वाचून सांगू लागली.

व्हिसिगॉथ राजे ख्रिस्तीच, पण एरियन पंथाचे. पुत्र येशू पित्याच्या, म्हणजे देवाच्या, बरोबरीचा नाही, एक पायरी खालीच, असं मानणारे. प्रजा बहुतेक कॅथलिक. ती दोघांना समान मानायची.

"खालीच असणार," गुरुप्रसाद नदी काढत म्हणाले. "बाप तो बाप."

मग राजा लिओविगिल्ड आला. त्याचा थोरला मुलगा हर्मेनेगिल्ड कॅथलिक झाला, बापावर उलटला, हरला आणि कैदेत पडला. ईस्टरच्या सणाला राजानं तुरुंगात आपल्या पंथाचा बिशप पाठवला. याच्या हातचा पावाचा प्रसाद घे, सगळं माफ.

"अँड ही सेड नो!" सुनीता म्हणाली. "मग त्याला मारून टाकलं. बाबा, हिज ओन सन! एका ब्रेडच्या तुकड्यासाठी!"

पेन्सिलीचं टोक मोडलं.

कारण सहा वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये गुरुप्रसादांनी तेच केलं होतं. धाकटा भाऊ शंभू. गुहागरहून त्याला यांनीच आणलं, आपल्याच कंपनीत वेल्डर म्हणून चिकटवलं. मग कुजबूज सुरू झाली, की शंभू शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, मंगळूरच्या एका नर्सबरोबर चर्चला जातो, बाप्तिस्माही घेतलाय म्हणे. भावाला बाजूला घेऊन विचारता आलं असतं. पण नाही! हे महाशय थांबले सत्यनारायणापर्यंत. इथलं सगळं मराठी मंडळ जमलं, आरती झाली, आणि यांनी शिऱ्याचा द्रोण भावासमोर धरला. "घे प्रसाद, आणि सांग सगळ्यांना, की ते खोटं आहे."

शंभूनं हात पुढे केला, भोवतालच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "असा नको, दादा."

आठवड्याच्या आत त्याचा व्हिसा रद्द झाला. मॅनेजरच्या कानाला लागणारे गुरुप्रसादच. मंडळींनी पाठ थोपटली. घरात शंभूचं नाव बंद झालं. हेमावहिनींनी दोनदा काढून पाहिलं आणि नवऱ्याची मुद्रा बघून गिळून टाकलं.

आणि आता महिन्याभरापूर्वी कंपनीच्या ड्रायव्हरनं, रहिमतुल्लानं, सांगितलं होतं, "साहब, आपका भाई इधर ही है, सलमाबाद में. नये वीज़ा पे आया." गुरुप्रसाद "अच्छा" म्हणाले आणि घरी मूग गिळून बसले. भाऊ हाकेच्या अंतरावर, आणि यांना तोंड दाखवायची लाज वाटत होती. लाज आणि भीती.

"आणि राजाचं पुढे काय झालं?" त्यांनी विचारलं.

"दुसरा मुलगा रेकारेड राजा झाला. तो कॅथलिक झाला आणि टोलेडोला सगळ्यांसमोर सगळं राज्यच कॅथलिक केलं. आणि बाप..." सुनीतानं पान उलटलं. "शेवटी त्याला पश्चात्ताप झाला, असं म्हणतात. पण पब्लिकमध्ये बोलला नाही. स्वतःच्याच लोकांना घाबरला. दॅट डझन्ट काउंट, ना बाबा?"

बाबांनी पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी घरी पूजा होती. प्रसाद वाटून झाला, मंडळी गप्पांत रंगली, तेव्हा गुरुप्रसादांनी स्वयंपाकघरात जाऊन एक डबा शिऱ्यानं भरला.

"अहो, कुणासाठी?" हेमावहिनींनी विचारलं.

"ऑफिसातल्या हमीदला देऊन येतो."

सलमाबादच्या गॅरेजमागच्या खोलीत शंभू शर्टाला बटण लावत बसला होता. केस पिकले होते. भावाला बघून तो उठला आणि आधी त्याची नजर डब्यावर गेली. गुरुप्रसादांनी झाकण उघडलं, तुपाचा वास सुटला, आणि तेव्हा कुठे या शहाण्याच्या डोक्यात प्रकाश पडला. माफी मागायला निघालो आणि आणलं काय, तर पुन्हा तोच प्रसाद! ते बिशपसारखे डबा धरून उभे राहिले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

"शंभू, हे मी... तसं नाही रे."

"शिरा आहे ना? आण." शंभूनं बसून खाल्ला, बोटंसुद्धा चाटली. "आईच्या हातचीच चव वहिनीच्या हाताला आलीय. दादा, तेव्हाही नुसता शिरा म्हणून दिला असतास तर खाल्ला असता."

गुरुप्रसाद रिकाम्या डब्याला झाकण लावू लागले.

"मी इथे आहे, हे वहिनीला ठाऊक आहे?"

ते खाली बघत राहिले. शंभू समजला. त्यानं डबा घासला, पुसला, आणि मंगळूरहून बायकोनं पाठवलेले नाताळचे कुलकुल, आपल्या शंकरपाळ्यांसारखे तळलेले, त्यात भरले. "वहिनीचा डबा आहे. रिकामा कसा पाठवू?"

घरी मंडळी अजून होतीच. हेमावहिनींनी डबा हातातून घेतला, उघडला, आणि कुलकुल बशीत घालून फिरवलेसुद्धा.

"वा! खुसखुशीत आहेत," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले आणि दुसरा उचलला. "या हमीदची बायको सुगरण दिसते."

"हे तर ख्रिसमसचे असतात," सुनीता म्हणाली. "हमीद अंकलकडे? बाबा, कुणी दिले?"

मान हलवली असती तरी निभावलं असतं.

"शंभूच्या बायकोनं केलेत," गुरुप्रसाद म्हणाले. "शंभू सलमाबादला आहे. महिना झाला मला कळून. हेमा, मी तुझ्याशी खोटं बोललो. आणि मागे याच हॉलमध्ये मी त्याच्याशी जे वागलो, ते पाप होतं."

हेमावहिनींनी पदर तोंडाला लावला. अध्यक्षांच्या चिमटीत कुलकुल तसाच राहिला, खाववेना, ठेववेना. सगळे त्या हाताकडे बघत होते, आणि गुरुप्रसादांना तो दुसरा हात दिसला, पुढे आलेला आणि मागे गेलेला.

"नको असेल तर नका खाऊ," ते म्हणाले. "तेवढ्यासाठी कुणी कुणाचा व्हिसा रद्द करत नाही."