परत आलेला लॉट

आमच्या ह्यांना सध्या गोळ्या सोलायचा नाद लागलाय. सोलायचा म्हणजे, पाकीट हाती लागलं की अंगठ्याने दाबून एकेक गोळी बाहेर काढायची आणि वाटीत टाकायची, मटार सोलतात तशी. वर मलाच सांगतात, हा लॉट परत आलाय बाई, कुणाला गिळू देऊ नका. बाई म्हणजे मी! इतकी वर्षं ह्यांचा संसार ओढला आणि आता मी बाई. डोक्यात झटका येऊन गेला तेव्हापासून ह्यांना लग्न आठवत नाही, लेक आठवत नाही, कारखाना मात्र लख्ख आठवतो.

आम्ही दोघं एकाच कारखान्यातले, गोळ्यांच्या. मी पॅकिंगला होते आणि हे खळ शिजवायचे. मक्याचा स्टार्च गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडायचा आणि ढवळत राहायचं, दुधासारखं पाणी काचेसारखं होईस्तोवर. ती खळ औषधाच्या भुकटीत घालून मळायची, चाळायची, वाळवायची, मग मशीनवर गोळ्या पडायच्या. सगळा कारखाना ह्यांना खळवाले म्हणायचा. एका गोळीत औषध असतं चिमूटभर, बाकी सगळा स्टार्च, दुधातली साखर नि शंखजिरं. नव्या बायकांना हे सांगायचे, नवरदेव एवढासा आणि वऱ्हाडच फार. गंमत म्हणजे वाळलेल्या मालात शेवटी कोरडा स्टार्चही घालायचे. पोटात पाणी लागलं की तो फुगतो आणि गोळी फोडतो. म्हणजे बांधणारा तोच आणि सोडवणाराही तोच.

उरलेली खळ आम्ही बायका डब्यातून घरी न्यायचो. आमच्या कपड्यांच्या घड्या अशा कडक असायच्या की साहेबांच्या बायकांनी बघत राहावं. त्या खोलीचा वास गरम, किंचित गोडसर होता. आजही पेज शिजताना तसा वास आला की माझा पाय तिथून निघत नाही. काय दिवस होते ते! पाठ मोडायची, पण हसून हसून पोटही दुखायचं.

आणि मग तो लॉट परत आला. ह्यांच्या हातून एकदा खळ फार दाट झाली होती. गोळ्या पडल्या, पॅक झाल्या, गोदामात गेल्या आणि ठेवून ठेवून आणखीच कडक झाल्या. राखून ठेवलेल्या नमुन्यातल्या गोळ्या कोमट पाण्यात सोडल्या तर त्या तळाशी खड्यासारख्या बसून राहिल्या, विरघळायचं नाव नाही. अशी गोळी पोटात गेली तर आत गेली तशी बाहेर येणार, दुखणं जागच्या जागी. म्हणून सगळा लॉट गोदामातून परत आणला. औषध महागाचं, म्हणून माल फेकायचा नाही, परत दळायचा, असं ठरलं. पाकिटं फोडायची कुणी? आम्ही.

आम्ही सगळ्या जमिनीवर बसून गोळ्या सोलत होतो आणि खळवाल्यांच्या नावाने खडे फोडत होतो. सगळ्यांत जास्त मी. माझं तोंड म्हणजे तेव्हापासूनच असं, फटकळ. तेवढ्यात पाळी संपवून हे आत आले आणि कुणी न सांगता आमच्यात मांडी घालून बसले. मी समोरासमोर वाट्टेल ते बोलले, ढवळताना झोप लागली होती का, इथपर्यंत. ह्यांनी मान वर केली नाही. अंगठा सोलवटला तरी हात चालूच होता. मग हळूच म्हणाले, "कुणाच्या पोटात गेली असती म्हणजे?" त्यावर मी गप्प बसले. आमच्या घरात हे अजून कुणाला खरं वाटत नाही. पुढे मीच ह्यांच्या मागे लागले आणि लग्न केलं.

तर आता पुन्हा तोच लॉट, आणि ह्यांच्या डोक्यात त्या गोळीचं आता विषच झालंय. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रक्तदाबाची ही गोळी रोज पोटात गेलीच पाहिजे, दुसरा झटका आला तर माणूस हाती लागणार नाही. आणि कुटून द्यायची नाही, ती सावकाश विरघळणारी आहे. मी गोड बोलले, रागावले, भातात लपवली. हे जिभेने नेमकी शोधून बाहेर काढायचे. शेवटी लेकीने फोनवर समजावलं, तर तिलाच विचारलं, तुम्ही कोणत्या खात्यातल्या? मी रोज सकाळी उठून आधी ह्यांचा श्वास बघायचे. भीतीने माझंच अन्न तुटलं होतं.

गेल्या आठवड्यात माझं डोकंच फिरलं. वाटीतली ह्यांची गोळी उचलली, पाण्याचा पेला घेतला आणि म्हटलं, बघाच आता, मीच गिळते, काही होत नाही. गोळी ओठाला लागली असेल नसेल, ह्यांनी माझं मनगट धरलं.

"नको, बाई. खळ माझ्या हातून बिघडलीय. तुमच्या घरी कुणी वाट बघत असेल."

"आहे एक म्हातारा," मी म्हटलं.

"मग द्या इकडे. आधी मी घेऊन बघतो."

आणि घेतली. पाणी प्यायले, पोटावर हात ठेवून घड्याळाकडे बघत बसले. मला रडूच फुटलं. ज्या बाईला हा माणूस ओळखतही नाही, तिच्यासाठी तो आपल्या समजुतीप्रमाणे जिवावर उदार झाला होता. असा नवरा मला मिळाला, आणि मी जन्मभर त्याला घालूनपाडून बोलले.

आता रोज सकाळी मी गोळी ओठाशी नेते आणि हे ती माझ्या हातून काढून घेतात. रोज तितकेच घाबरतात, रोज गिळतात. लेक म्हणते, आई, ही फसवणूक आहे. असेल बाई. डॉक्टरीणबाई खूश आहेत, रक्तदाब उतरलाय.

गोळी घेऊन झाली की हे थोडा वेळ वाट बघतात. मग समाधानाने मला म्हणतात, "आता तुम्ही घरी जा. ते वाट बघत असतील." मी बरं म्हणते आणि स्वयंपाकघरात जाते.