तीच नावं, तोच मांडव

सिनेमावाले आमच्या वाडीत पहिल्यांदा आले तेव्हा बारवी धरणाच्या रस्त्याला डांबर नव्हतं. दुसऱ्यांदा आले ते यंदा, आणि तोच सिनेमा पुन्हा काढायला. एवढ्या वर्षांत तुम्हाला दुसरी गोष्ट सुचली नाही का, असं मी तेजस्वीला विचारलं. तेजस्वी म्हणजे त्यांच्यातली सगळी धावपळ करणारी मुलगी, बदलापूरच्या शिरगावची.

"सुचते ना आजोबा. पण नवीन गोष्टीला पैसा लावायला कोण तयार होत नाही. जुनं एकदा चाललंय, म्हणजे परत चालेल, असं असतं."

"म्हणजे तेच सगळं?"

"सेम टू सेम. पण वेगळं."



जुन्या सिनेमात एक लग्न आहे. नायक नायिकेला शोधत डोंगरात येतो आणि वाडीतल्या लग्नाच्या गर्दीतून वाट काढत पुढे जातो. त्या लग्नातली नवरी म्हणजे पुतळी आणि नवरा मी. दोघं लग्नाच्या वयाचे होतो आणि मांडवाजवळ रिकामे उभे होतो, म्हणून आम्हाला उभं केलं. पडद्यावर आम्ही डोळे मिटून उघडेपर्यंत दिसतो.

आमच्यात लग्न धवलेरी लावते. ती बाई गाणं म्हणते, गाण्यात नवरा-नवरीची नावं बापाच्या नावासकट घेते, आणि ज्यांची नावं घेतली त्यांचं लग्न झालं. हळद, जेवण हे मागेपुढे झालं तरी चालतं. तेव्हाची धवलेरी सरस्वती म्हातारी. तिला सिनेमावाल्यांनी दोन बनावट नावं सांगितली होती. ती म्हणाली, "जी माणसं इथं उभी नाय, त्यांची नावं मी कशी घेऊ?" आणि समोर उभ्या असलेल्यांची घेतली. सिनेमावाल्यांना गाणं हवं होतं, ते मिळालं. टेम्पो भरून ते निघून गेले. त्याच संध्याकाळी जाणती माणसं बसली आणि म्हणाली, नावं घेतली गेलीत. पुतळी गाठोडं घेऊन आमच्या घरी आली. तिला कोणी विचारलं नाही. मलाही विचारलं नाही, पण मला घर सोडावं लागलं नाही.

आता धवलेरी पुतळीच आहे. आणि या खेपेला नवरी म्हणून सिनेमावाल्यांनी आमच्या नातीला, निशाला निवडलं. जुन्या नवरीची नात नवरी, याची जाहिरात चांगली होते म्हणे. नवरा म्हणून वाडीतल्याच कुंदाचा मुलगा तुषार.

निशा अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांच्या पॅकिंगला जाते. रिक्षाने जायचं, रिक्षाने यायचं. तिला एवढ्यात लग्न करायचं नाही. कुंदाने तुषारसाठी तिला आधी मागणी घातली होती, निशाने नाही म्हटलं होतं. सिनेमात नुसतं उभं राहायचं आहे म्हणून ती हो म्हणाली. आमची गोष्ट तिला माहीत होती, पण ती म्हाताऱ्यांची गंमत म्हणून.

शूटिंगच्या आदल्या दिवशी कुंदा हिरव्या बांगड्या घेऊन आली.

"सिनेमावाल्यांनी दिल्यात की बांगड्या," निशा म्हणाली.

"त्या सिनेमाच्या. या माझ्या," कुंदा म्हणाली. "उद्या गाणं झालं की झालं. तुझ्या आजीचं नाय झालं?"

"काकी, ती ॲक्टिंग आहे!"

"ॲक्टिंग तुझी. गाणं तर खरं आहे ना?"

निशाने तुषारला फोन लावला. तो चिखलोलीला बांधकामावर होता. तो म्हणाला, "मला काय विचारते? मलापण कोणी विचारलं नाही. आईसमोर बोलून दाखव तू."

मग निशा आजीकडे वळली. "तू गाऊच नको. सरळ नाही म्हण."

पुतळी तांदूळ पाखडत होती. "मी नाय गायले तर ठमाबाई गाईल. तीपण धवलेरी, पलीकडच्या पाड्यावर बसलीच आहे. कुंदाची मावशी लागते ती."

"मग मी उभी राहणार नाही."

"नको राहू. वाडीतल्या सगळ्यांचा सिनेमाचा उद्याचा रोज जाईल, आणि वर्षभर तुला सुनावतील." पुतळीने सूप खाली ठेवलं. "तू उभी राहा. मी गाते."

"काय गाणार?"

"गाणं," पुतळी म्हणाली, आणि पुन्हा सूप उचललं.

सकाळी मांडव उभा होता. जुन्या सिनेमात होता तसाच, जांभळाच्या डहाळ्यांचा. पातळं उल्हासनगरहून फॉल-पिको करून आणली होती आणि जुनी दिसावीत म्हणून चहाच्या पाण्यात बुडवली होती. वाडीतल्या बायका आपली खरी जुनी पातळं घरी ठेवून ती नेसल्या. सिनेमाचा मुख्य माणूस प्रज्वल, तिशीतला, दाढीवाला. त्याच्या हातात पाटीएवढा पडदा होता आणि त्यावर जुनं दृश्य पुन्हा पुन्हा चालू. डहाळी डावीकडे, मडकं उजवीकडे, सगळं त्यात बघून बघून लावत होते.

तेजस्वीने ते पुतळीला दाखवलं. "आजी, बघा, किती लाजताय तुम्ही!"

पुतळीने डोळे बारीक करून पाहिलं. "लाजत नव्हते. पळायला वाट कुठून आहे ते बघत होते."

तेजस्वी हसली. मी तंबाखू मळत होतो, तो मळत राहिलो.

निशा आणि तुषार मांडवात उभे राहिले. निशाच्या हातात सिनेमाच्या बांगड्या होत्या. कुंदा पुढच्या रांगेत, मुठीत तांदूळ घेऊन. तिच्या शेजारी ठमाबाई येऊन बसली होती, तिला कोणी बोलावलं नव्हतं. मला प्रज्वलने खांबाशी बसवलं, जुना नवरा म्हणून. नायक लांब उभा होता, त्याच्या डोक्यावर एकाने छत्री धरली होती.

पुतळीने गाणं उचललं. आवाज आता चिरका झाला आहे, पण चढतो. आधी धरतरीचं नाव आलं, मग डोंगराचं, मग पाण्याचं. नायक गर्दीत शिरला आणि वाट काढत पुढे गेला. त्याच्याकडे वाडीतलं कोणी बघत नव्हतं. नावांची ओळ जवळ आली तशी निशाने मान वर केली आणि आजीकडे पाहिलं. कुंदाची मूठ वर गेली.

पुतळीने आधी आपल्या बापाचं नाव घेतलं, मग आपलं. मग माझ्या बापाचं, मग माझं.

आमच्या घरात ती मला हाक मारते ती 'संदीपचा बा' म्हणून, नाहीतर नुसतं 'ओ' म्हणून. सुकऱ्या हे नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

कुंदाचे तांदूळ मुठीतच राहिले. "कट" म्हटल्याबरोबर ती उठली. "ओ साहेब, चुकलं! म्हातारीने भलतीच नावं घेतली. समोर कोण उभे आहेत ते बघा की! पुन्हा घ्या!"

"बरोबर बोलते कुंदा," ठमाबाई म्हणाली. "मी गाते, मला सगळं पाठ आहे."

प्रज्वलने कान पडद्याला लावून जुनं गाणं ऐकलं. मग आत्ताचं ऐकलं. मग परत जुनं.

"पण जुन्यात हीच नावं आहेत," तो म्हणाला. "पुतळी, सुकऱ्या. लोकांना पाठ आहे ही ओळ, रीलवर टाकतात. नावं बदलायची नाहीत. आजी, एकदम परफेक्ट. पुन्हा एकदा, फक्त मडकं जरा आत घ्या."

कुंदा म्हणाली, "अहो, पण ती म्हातारा-म्हातारी आहेत!"

"काकी, जुन्यात आहे तेच घ्यायचंय," तेजस्वी म्हणाली. "त्याचेच तर पैसे देतायत."

तुषारने तेवढ्यात आईकडे बघून हात जोडले आणि सगळी पोरं हसली. कुंदाने तांदूळ पदराला बांधले आणि ठमाबाईला घेऊन मागे जाऊन बसली.

मग मडकं आत घेतलं, मग नायकाचा पाय घसरला, मग वरून उडणारा कॅमेरा डहाळीत अडकला. किती वेळा घेतलं ते मी मोजलं नाही. दर वेळी पुतळीने तीच नावं घेतली. निशा नंतर नंतर अंगठ्याने बांगड्या मागेपुढे करत आरामात उभी होती.

संध्याकाळी टेम्पो भरले. निशा उद्याच्या शिफ्टचा डबा कोण करणार म्हणून आईशी भांडत पुढे गेली. मी घरात शिरलो. पुतळी उंबऱ्याच्या बाहेर थांबली.

"आत ये की," मी म्हणालो.

"नावं घेतली आज."

"ते ऐकलं मी."

"मागच्या खेपेला दुसऱ्यांनी घेतली होती. कोणी विचारलं नव्हतं." तिने पदर खोचला. "आता विचार."

मी परत उंबऱ्याशी आलो. मग मी विचारलं, "येतेस का?"

पुतळीने अंगणाकडे बघितलं. "कोंबड्या डालून येते, मग सांगते," असं म्हणून ती घरामागे गेली.

मी दाराशी बसून राहिलो.