पारा चढला तेव्हा

मी एक जुने रक्तदाब मोजण्याचे यंत्र आहे. बालमित्रांनो, माझ्या पोटात पारा आहे. पट्टा दंडाला बांधून फुगा दाबला की तो काचेच्या नळीत वर चढतो. प्रसूतिगृहातल्या तपासणीच्या खोलीत माझी अनेक वर्षे गेली. "हे म्हातारं कधी खोटं बोलत नाही," असे तिथल्या नर्सताई म्हणत. मला मोठा अभिमान वाटे.

मग तापाची साथ आली. गाड्या बंद झाल्या. रस्ते ओस पडले. प्रसूतिगृहात तापाच्या रुग्णांच्या खाटा लागल्या, तपासण्या थांबल्या आणि मी टेबलावर धूळ खात बसले.

एका शिवणकाम करणाऱ्या बाईला सातवा महिना होता. पहिलेच बाळंतपण. नवरा ट्रक घेऊन परगावी गेला, तो तिकडेच अडकला. घरात ती आणि सासू. एके दिवशी तिचा फोन आला. ताईंनी स्पीकर चालू करून तो टेबलावर ठेवल्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"ताई, पाय सुजलेत. डोकं नुसतं ठणकतंय."

"अगं, मग ये ना लगेच! फोनवरून का रक्तदाब कळतो?"

"रिक्षा नाही. आणि सासूबाई म्हणतात, तिथं तापाचे पेशंट आहेत, विषाची परीक्षा कशाला?"

ताईंनी परोपरीने समजावले. रुग्णवाहिकेसाठी फोनावर फोन केले. एकही मोकळी नव्हती.

दोन दिवसांनी भाजीवाल्याच्या हातगाडीवर बसून ती आली. तिला समोरचे धड दिसत नव्हते. ताईंनी पट्टा बांधला आणि माझा पारा चढतच गेला. तो इतका वर गेलेला मला कधीच आवडत नाही. पण खोटे कसे बोलू?

ताईंनी तिला तातडीने मोठ्या रुग्णालयात पोचवले. ती वाचली. बाळ मात्र पोटातच गेले होते. मुलगी होती. नवरा पोचला तेव्हा सारे आटोपले होते.

पुढे तपासण्या सुरू झाल्या, तेव्हा सासू एकटीच आली.

"मीच अडवलं हो तिला," ती म्हणाली. "जपायला गेले आणि..."

ताईंनी तिला खुर्चीवर बसवले. "भ्यालो तर आम्हीही होतो, आजी. दार आम्हीच लावून घेतलं होतं."

आता माझ्या जागी बॅटरीवरचे नवे यंत्र आले आहे. मला त्याचे वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते टेबलावर रिकामे बसून काढलेल्या त्या दिवसांचे.

मित्रांनो, घरात कुणी आई होणार असेल आणि तिचे डोके दुखत असेल, पाय सुजले असतील, तर "झोप, बरं वाटेल" एवढ्यावर थांबू नका. मोठ्यांच्या मागे लागा, रडा, पाय आपटा. हट्ट करण्यात तुमचा हात कोण धरणार? एवढा एक हट्ट तिच्यासाठी करा.