मखमली उशी आणि चार पॉइंट सात

आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, नवा लॅपटॉप आणला आणि घरात जावई आल्यासारखी त्याची सरबराई सुरू झाली. वहीएवढा पातळ तो! खोक्यावर ठसठशीत छापलेलं: ४.७ गिगाहर्ट्‌झ. शेजारचा ‘पर्यंत’ हा शब्द मात्र मुंगीएवढा. तो वाचायची तसदी भाऊजी कशाला घेतील?

“वहिनी, तुमच्या त्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्याचा स्पीड किती?”

“तीन पॉइंट दोन.”

“अरेरे!” डॉक्टरांनी हात टेकल्यासारखे ते हळहळले.

अस्सा राग आला मला! पण खरं भांडण होतं मागच्या खोलीचं. भाडेकरू गेल्यापासून ती रिकामी होती. मी लोकांच्या लग्नाच्या फिल्म जोडते, तेही जेवणाच्या टेबलावर. कुणाला भूक लागली की नवरानवरी अर्ध्यात सोडून गाशा गुंडाळायचा. दार लावता येईल अशी एक खोली मला हवी होती, अगदी जीव तुटत होता तिच्यासाठी. भाऊजींना ती हवी होती मोटारसायकलवरून फिरल्याचे व्हिडिओ करायला.

किल्ली सासूबाईंकडे. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे वशिला चालत नाही. त्या म्हणाल्या, “जोडलेली एकच फिल्म दोघं आपापल्या यंत्राला पक्की करायला लावा. ज्याचं यंत्र आधी पुरी करेल, त्याची खोली.”

आता भाऊजींना ठाऊक नसलेली गोष्ट सांगते. खोक्यावरचा तो आकडा टर्बोचा. टर्बो म्हणजे प्रोसेसरची थोड्या वेळाची धाव. तो थंड आहे तोवर सुसाट, तापला की पाय आखडता घेतो. बेस क्लॉक म्हणजे दिवसभर राबवलं तरी टिकेल असा वेग. पाहुणे आले की भाऊजी पहिल्या दोन खुर्च्या एकदम उचलतात, “बघा वहिनी!” म्हणतात आणि तिसरीला पंख्याखाली बसतात. ते त्यांचं टर्बो. बेस क्लॉकबद्दल मी काय बोलावं! त्यांच्या लॅपटॉपचा होता एक पॉइंट आठ. माझ्या जाडजूड डब्याचा बेसच तीन पॉइंट दोन.

एवढं कळत असूनही मला धीर धरवेना. मी दिवाणावरची मखमली उशी आणली. “भाऊजी, नव्या वस्तूला ओरखडा नको हं पडायला.”

“तुम्हालाच काळजी!” म्हणत त्यांनी लॅपटॉप उशीवर निजवला. खालची हवेची भोकं मखमलीत गडप.

मग काय विचारता! त्यांचा पंखा किंचाळू लागला, वेगाचा आकडा चारावरून घसरत एकाच्या घरात आला. माझा डबा घुमत राहिला आणि आधी संपवून मोकळा झाला. भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. मी किल्लीसाठी हात पुढे केला.

सासूबाईंनी किल्ली दिली नाही. त्या उठल्या, लॅपटॉप उचलून टेबलावर ठेवला, उशीवरून हात फिरवला. मी पुढे केलेला हात मागे घेतला.

“पाठ दुखतेय माझी,” त्या म्हणाल्या आणि उशी स्वतःच्या पाठीमागे घेतली. “एकदा केलेलं गणित मी पडताळून बघते. यंत्रं गार होऊ द्या, मग पुन्हा लावा.”

या वेळी भाऊजी सुसाट निघाले. चार पॉइंट सात! ते खुर्चीत नाचायला लागले. मी मनात खोलीला रामराम ठोकला. उशी नव्हती, बहाणा नव्हता, काही काही नव्हतं हातात.

पण फिल्म लांबलचक होती. नवरा मांडवात पोचेपर्यंत त्यांचा आकडा चाराखाली आला, तिथून तीन, मग अडीच. तिथेच बसला बिचारा. “अरे, चल की!” भाऊजी त्याला थोपटत होते. माझा डबा तीन पॉइंट दोनवर आपला चाललेला, ना घाई ना कुरकुर. पाठवणीच्या वेळी त्याने गाठलं आणि पुढे जाऊन संपवलं.

“खोक्यावर तर चार पॉइंट सात लिहिलंय!” भाऊजी कळवळले.

“‘पर्यंत’ वाचलंस का?” सासूबाई म्हणाल्या. भाऊजी खोकं शोधायला आत गेले.

मग सासूबाईंनी माझ्या हातात किल्ली ठेवली. त्यावर उशीही ठेवली.

“घेऊन जा. त्या खोलीतली खुर्ची कडक आहे.” आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “पुन्हा कुणाखाली सरकवू नकोस. तुला गरज नसते, सूनबाई.”

उशी अजून कोमट होती. माझे कान तिच्याहून जास्त तापले होते.