टाकीतले सात मासे

कारखान्याच्या फाटकाशी काचेची मोठी टाकी होती. टाकीत कारखान्याचं शुद्ध केलेलं सांडपाणी आणि त्यात सात सोनेरी मासे. येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं, मासे मजेत आहेत, म्हणजे पाणी स्वच्छ आहे, मग खुशाल सोडा नदीत!

मासे मात्र दोन दिवसांत उलटे व्हायचे. म्हणून सकाळी आठच्या आत टाकी सांभाळणाऱ्या मावशी मेलेले काढून नवे टाकायच्या. तेही कसे? शेपटीवर ठिपका असलेला मेला, की ठिपकेवालाच हवा! या जुळवाजुळवीत मावशींचा हात धरणारं कुणी नव्हतं. बारा वर्षांत कुणाला संशय म्हणून आला नाही, याचा त्यांना केवढा अभिमान!

सून चिडवायची, “सासूबाई, मेलेल्यांच्या जागा भरायचा पगार घेणाऱ्या जगात तुम्ही एकट्याच.”

“आणि त्याच पगाराच्या चहात तीन चमचे साखर घालणारी तू एकटीच.”

या वेळी सरकारी तपासणीला नवीन बाई आल्या. आधीचे साहेब खुर्चीतूनच ‘मासे जिवंत’ लिहून मोकळे व्हायचे. या बाईंनी काचेला नाक लावून सातही माशांचे फोटो काढले. “परवा हेच मासे बघायला येते,” म्हणाल्या.

त्या गेल्यावर व्यवस्थापक हसले. “मावशी, तुमच्या तर डाव्या हातचा मळ. जुळवा.”

“पण साहेब, ही लबाडी नाही का?”

“छे! टाकीत मासे जिवंत असावेत, एवढाच नियम आहे. तेच असावेत असं कुठे लिहिलंय?”

खरंच, कुठेच लिहिलं नव्हतं. रात्री भाकरी थापता थापता मावशी एकदम थांबल्या.

“काय झालं?” सुनेने विचारलं.

“टाकीतले बदलायला मी आहे गं. नदीतले कोण बदलतं?”

सून हळूच म्हणाली, “नोकरी जाईल हं.”

“जाईल.”

परवाच्या सकाळी टाकीत सहा मासे पोट वर करून तरंगत होते. सातवा तळाशी कसाबसा कल्ले हलवत होता. मावशींनी कशालाही हात लावला नाही. बाई आल्या, व्यवस्थापक पळत आले.

“मावशी, हे काय?”

“मेलेत, साहेब. नेहमीच मरतात. मी बदलते.”

बाईंच्या कागदावर ‘जिवंत आहेत’ आणि ‘नाहीत’ एवढे दोनच चौकोन होते. त्यांनी दुसऱ्यात खूण केली, मग कागद उलटा करून कोरी बाजू वर घेतली.

व्यवस्थापक दात-ओठ खात म्हणाले, “उद्यापासून येऊ नका.”

“बरं,” म्हणत मावशींनी बाईंसमोर खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसल्या. “मग आता सवडच सवड. लिहा बाई, पहिल्या दिवसापासून सांगते.”