नव्याण्णव सरक्या

मी एक जुनी धूळपाटी आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून गेलेला नाही. माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू बहुधा सगळ्यांना क्षमा करून मगच आपली कहाणी सांगायला बसतात. मला ते जमलेलं नाही, तेव्हा रागासकट ऐका.

धूळपाटी तुम्ही पाहिली नसेल. हातभर लांबीची साधी फळी असते. तिच्यावर विटकरीची भुकटी पसरायची, काडीनं आकडे काढायचे, आणि काम झालं की पाटी झटकायची. मात्र पाटी होण्याआधी मी अमरावतीच्या एका वखारीत कापूस तोलणारं पारडं होते. तेव्हा सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस येईनासा झाला आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे एवढा मान आला. पार तेल्हाऱ्यापासून आलेल्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागायची. मी दिवसभर खालीवर होत असे. आमचा मापाडी नत्थुजी पहिल्या मापाला कधी ‘एक’ म्हणत नसे. ‘लाभ’ म्हणायचा, मग दोन, तीन. त्याचा आवाज ऐकला की कापूस विकायला आलेले कास्तकार निवांत विडी पेटवायचे, एवढा त्याच्यावर विश्वास.

एके दिवशी मी मधोमध चिरले. वखारीच्या मालकांनी, शेठजींनी, मला जळणात टाकायला सांगितलं. नत्थुजीनं मला बगलेत मारून घरी नेलं, चांगला तुकडा कापून घेतला, कोपरे घासून गुळगुळीत केले आणि आपल्या आठ वर्षांच्या शालिकरामासाठी पाटी केली. चुलीतून वाचवणारे ते हात मला देवासारखे वाटत. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं का लागलं ते तुम्हाला कळेल.

शाळा शेठजींच्याच ओसरीवर भरायची. पंतोजी देशावरून आलेले, जेवायला शेठजींकडेच. शिकवायचे मन लावून, खोटं कशाला बोलू. त्यांनी एकदा घरून करून आणायला गणित घातलं. शंभर शेर कापूस दवानं भिजून शेकडा दहा वाढला, मग सुकून शेकडा दहा घटला, तर उरला किती? शालिकनं माझ्यावर नव्याण्णव लिहिले. दुसऱ्या दिवशी पंतोजींनी त्याचा कान पिळला. “दहा वाढले, दहा गेले. शंभर! उद्या नीट करून आण.”

शालिक रडवेला होऊन घरी आला. नत्थुजी वखारीतून नुकताच येऊन हातपाय धूत होता. त्यानं गणित ऐकलं, आत जाऊन बैलाच्या टोपलीतून ओंजळभर सरकी आणली आणि अंगणात मांडी घातली.

“दहा-दहाच्या रांगा लाव,” तो म्हणाला. “किती झाल्या?”

“दहा रांगा. शंभर सरक्या.”

“आता दवानं दहा वाढल्या. अजून एक रांग लाव. अकरा झाल्या? आता शेकडा दहा घटवाच्या, म्हंजे दर दहातून एक. काढ हरेक रांगेतली एक.”

शालिकनं अकरा सरक्या उचलल्या. उरलेल्या त्यानं दोनदा मोजल्या. नव्याण्णवच होत्या. पोराचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता हा मला घेऊन नाचतो की काय.

“तुह्यं बरोबर हाय, लेका,” नत्थुजी म्हणाला. “वजनातलं मले कोणी शिकवू नये. उद्या मी येतो शाळेत. पंतोजीले समोर बसून दाखवतो.”

त्याची बायको मैनाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, “शाळा शेठजीच्या ओसरीवर भरते, येवढं ध्यानात असू द्या.”

“असू दे. गणिताचं अन् शेठजीचं काय हाय?”

शालिकनं सरक्या फडक्यात बांधून उशाला ठेवल्या. मला तर सकाळ कधी होते असं झालं होतं.

सकाळी नत्थुजी खरंच आला. धोतर नीट नेसून, पागोटं बांधून आला. पंतोजींना त्यानं रामराम केला आणि ओसरीवर माझ्या शेजारी अकरा रांगा मांडून हरेक रांगेतली एक सरकी उचलली. पोरं भोवती जमली. शालिकनं माझ्यावर ठसठशीत नव्याण्णव काढले. पंतोजी आधी हसले, मग वाकले, मग बोटानं एकेक रांग मोजू लागले. त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली. त्यांना पटत होतं, मित्रांनो. मी अगदी जवळून पाहत होते.

तेवढ्यात आतून शेठजी आले. “काय चालून राहिलं, नत्थू?”

पंतोजींनी गणित सांगितलं. शेठजींनी ते शांतपणे ऐकलं. ओसरीखाली दोन बंड्या सुटल्या होत्या आणि कास्तकार मापाची वाट बघत टेकले होते. शेठजींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

“आपल्या वखारीत दव धरून शेकडा दहा कापतो आपण,” ते म्हणाले. “त्यात कास्तकाराचं काही जाते का रे, नत्थू? तू मापाडी हायेस. तूच सांग.”

आता तुम्हाला उलगडून सांगते. कास्तकाराचा शंभर शेर कापूस दवानं एकशे दहा भरायचा. शेठजी त्यातून शेकडा दहा, म्हणजे अकरा शेर कापायचे. ओलीचे दहा वाढले तेवढेच काढले, असं कास्तकाराला वाटायचं, आणि त्याचा एक शेर दर शंभरामागं वखारीत राहायचा. मी पारडं होते तेव्हा हे मला कळत नव्हतं. नत्थुजीला कळत होतं. किती वर्षांपासून, ते त्यालाच ठाऊक.

नत्थुजीनं पागोटं सारखं केलं. शालिक त्याच्याकडे बघत होता आणि अजून हसत होता. आपले बाबा आता कसं सांगतात याचं त्याला कौतुक होतं.

“नाई जात, शेठजी,” नत्थुजी म्हणाला. “शंभराचे शंभरच राह्यतेत. पोराच्या समजण्यात चूक झाली.”

“पन बाबा, काल तुमीच...”

“चूप राह्य. पंतोजी सांगतेत तेच लिव.”

शालिकचा हात उठेना. तेव्हा नत्थुजीनं मला उचललं आणि झटकलं. पुन्हा झटकलं. नव्याण्णव गेले. त्याच हातांनी मला जळणातून काढलं होतं, मित्रांनो. एखाद्या परक्यानं झटकलं असतं तर मी केव्हाच विसरले असते. पंतोजींनी मान खाली घालून पुढच्या पोराला पाढा म्हणायला सांगितला. खाली कास्तकार उठून मापाला निघाले.

संध्याकाळी नत्थुजीनं गूळ-शेंगदाणे आणले. शालिकच्या पाठीवर हात ठेवून तो हळूच म्हणाला, “तुह्यंच बरोबर होतं. पन पोट हाय रे आपलं तिथं.” शालिकनं शेंगदाणे घेतले आणि काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी पंतोजींनी पुन्हा तसंच गणित घातलं. या खेपेला वीस वाढले आणि वीस घटले. शालिक मला घेऊन अंगणात बसला. नत्थुजी तर वाटच पाहत होता. मूठभर सरकी घेऊन तो लगबगीनं जवळ आला. “चाल, मांडून पाहू.”

शालिकनं भुकटी सारखी केली आणि काडीनं शंभर लिहिले. इतकं वळणदार अक्षर त्यानं माझ्यावर कधी काढलं नव्हतं.

“नीट पाह्य, शालिक. शहाण्णव येतेत.”

“मले मालूम हाय,” शालिक म्हणाला. “एकशे वीसचे चोवीस जातेत. शहाण्णवच येतेत. पन शाळेत शंभर लिवा लागते. तुमीच तर सांगतलं.”

तो काडी ठेवून खेळायला गेला. नत्थुजी मूठ मिटून तिथंच बसून राहिला. मी समोर होते, पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

पुढं दगडी पाट्या आल्या आणि मी रांजणावरचं झाकण झाले. मला तेल लावा, उन्हात ठेवू नका, असलं काही मी मागत नाही. फक्त एवढं करा. तुमच्या घरचं पोर बरोबर असलं, तर ते बरोबर आहे असं तिथंच, सगळ्यांच्या देखत म्हणा. घरी येऊन सांगू नका. तोवर त्यानं ऐकणं सोडलेलं असतं.